भाजलेल्या मातीचा धडा

गव्हाआधी शेतात कडधान्य घेतले की पुढचे पीक जोमाने येते, हे आपल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेने शिकवावे लागले नाही. त्याच्याकडे त्यासाठी ‘बेवड’ हा शब्दच आहे. युरोपातले शेतकरीही क्लोव्हरनंतर गहू पेरत. विज्ञानाला मात्र त्यामागचे कारण सापडायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. हा उशीर का झाला, हे मला त्या शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. १८३८ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो यांनी मोजून दाखवले, की क्लोव्हर आणि वाटाणा वाढताना नायट्रोजनची भर पडते, गव्हात पडत नाही. ही भर येते कुठून? इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथे लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये याचा छडा लावायचे ठरवले. माती भाजून घेतली, हवा अमोनियारहित केली, रोपे काचेखाली वाढवली. नायट्रोजनची भर पडलीच नाही. प्रयोगात हयगय कुठेच नव्हती. उलट अतिकाळजीनेच घात केला होता, कारण माती भाजताना तिच्यातले जीवाणूही मेले होते.

१८८६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी बर्लिनच्या सभेत आपले आणि सहकारी विलफार्ट यांचे निष्कर्ष मांडले. निर्जंतुक वाळूत वाटाणा उपाशी राहतो. त्याच वाळूत शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले, की मुळांवर गाठी येतात आणि रोप तरारते. दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्या गाठींतले जीवाणू वेगळे काढले. झाड त्यांना साखर पुरवते, ते झाडाला नायट्रोजन पुरवतात.

मुळावरच्या गाठीत हा पाहुणा दर हंगामात नव्याने येतो. पण पाहुणा कायमचा घरात राहिला तर? १९०५ मध्ये रशियाचे मेरेश्कॉव्स्की यांनी सुचवले, की वनस्पतीतली हरितलवके म्हणजे एके काळी आत शिरलेले स्वतंत्र जीव असावेत. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी हाच विचार मायटोकॉन्ड्रियापर्यंत नेऊन तपशिलाने मांडला. त्यांच्या सांगण्यानुसार सुमारे पंधरा नियतकालिकांनी तो निबंध आधी परत पाठवला होता. पुढे या दोन्ही अंगकांच्या स्वतःच्या डीएनएने त्यांचे जीवाणूंशी नाते पटवून दिले. आपला प्रत्येक श्वास ज्या मायटोकॉन्ड्रियासाठी असतो, ते मूळचे असे पाहुणे.

नायट्रोजनसाठी असे पेशीअंगक मात्र कुठेच आढळत नव्हते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या जोनाथन झेर यांना प्रशांत महासागराच्या पाण्यात डीएनएचा एक तुकडा मिळाला. तो नायट्रोजन स्थिर करणाऱ्या एका अनोळखी सायनोबॅक्टेरियाचा होता. तो जीव एकटा प्रयोगशाळेत वाढेना. त्याचे घर एका सागरी शैवालाच्या पेशीत निघाले. जपानमध्ये क्योको हागिनो ते शैवाल वाढवता यावे म्हणून दहा वर्षांहून अधिक काळ झटत होत्या. ते साधल्यावर दिसले, की हा जीवाणू यजमान पेशीच्या लयीत विभागतो आणि काही प्रथिने तिच्याकडूनच घेतो. २०२४ मध्ये त्याला पेशीअंगक मानून ‘नायट्रोप्लास्ट’ हे नाव मिळाले. हा घरोबा सुमारे दहा कोटी वर्षांचा असावा.

युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात चारशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत आणि प्रचंड दाबाखाली तयार होतो. जीवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानात करतात. म्हणून गव्हालाही असा घरचा नायट्रोजन मिळवून देण्याची स्वप्ने आता पाहिली जातात. ती खरी व्हावीत असे मलाही वाटते. पण रोपाला त्याच्या सोबत्यांपासून तोडून प्रश्न विचारले, तर उत्तर काय येते, हे रॉथॅमस्टेडच्या भाजलेल्या मातीने एकदा सांगून ठेवले आहे.