स्वमग्नतेचे नकाशे

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झालेली मुले शहराच्या कोणत्या भागात राहतात, हे पत्त्यांवरून नकाशावर मांडण्याची पद्धत. नकाशात दिसते ते निदान. ज्या मुलाला कुणी तपासलेच नाही, त्याचा ठिपका उमटत नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ब्रिक टाउनशिपमध्ये चौकशीची मागणी पालकांनीच लावून धरली. आपल्याच गावात इतकी मुले कशी, पाण्यात तर काही नाही ना, ही त्यांची धास्ती होती. सरकारी पाहणीत ३ ते १० वर्षांच्या दर हजार मुलांमागे ६.७ मुले आढळली. प्रमाण त्या काळाच्या मानाने जास्त होते, पण पाण्याशी संबंध जुळला नाही.

कॅलिफोर्नियात काम पुढे गेले, कारण तिथल्या २१ प्रादेशिक सेवाकेंद्रांच्या नोंदी जन्मनोंदींशी जुळवता येतात. डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलाच्या जन्मावेळचा पत्ता धरला. निदानानंतर कुटुंबाने घर बदलले तरी चित्र बिघडत नाही. २०१० मध्ये त्यांनी १० दाट पुंजके दाखवले, बहुतेक दक्षिण कॅलिफोर्नियात. त्यांचे नाते कारखान्यांशी नव्हे, तर आईवडिलांच्या शिक्षणाशी जुळत होते.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या का-युएत लिउ, मरिसा किंग आणि पीटर बेअरमन यांनी त्यामागची वाट शोधली. निदान झालेल्या मुलाच्या घरापासून २५० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलाचे पुढच्या वर्षभरात निदान होण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी जास्त निघाली. मग घरे जवळजवळ, पण मधून शाळा-जिल्ह्याची हद्द गेलेली, अशी मुले त्यांनी पाहिली. हवा तीच, पाणी तेच. तरी शेजाराचा परिणाम तिथे दिसेना. म्हणजे पसरत होती ती माहिती: कोणत्या डॉक्टरांकडे जावे, अर्ज कसा भरावा, मूल उशिरा बोलते याची दखल कधी घ्यावी. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आया हेच तर एकमेकींना सांगतात.

म्हणून रिकामा भाग पाहून हायसे वाटून घेणे धोक्याचे; मदत न पोहोचलेली मुले तिथेही असू शकतात. २०२२ च्या अमेरिकी पाहणीत आठ वर्षांच्या दर हजार मुलांमागे टेक्सासमधील लारेडो भागात ९.७, तर सॅन दिएगो भागात ५३.१ मुलांची नोंद झाली. सॅन दिएगोत बालरोगतज्ज्ञांना लहान वयातच चाळणी करून मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवण्याचे प्रशिक्षण दिले गेले आहे.