सातबारा ऑनलाइन झाला त्याची वाटचाल

1988-89 साली केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे चाचणीला घेतले. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. तिथून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती यायला 1 मे 2018 उजाडला. एवढी वर्षं का लागली, असं लोक अजून वैतागून विचारतात. माझ्या मते खरी अडचण संगणकात नव्हती, गावच्या दप्तरात होती. आणि ते दप्तर ज्यांनी ओळ न् ओळ तपासून काढलं त्या तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांच्या कष्टांची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही.

हे दप्तर म्हणजे एकवीस गाव नमुने. सहाव्या नमुन्यात फेरफार, सातव्यात मालकी, कब्जा आणि बोजे, बाराव्यात पिकं, आठ-अ मध्ये खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र. सगळं हाताने लिहिलेलं. जमीन विकली की जुन्या मालकाचं नाव पुसत नसत, त्याला कंस करत आणि नव्या मालकाचं नाव फेरफाराच्या नंबरासह खाली घेत. साताऱ्याचा असो की यवतमाळचा, तलाठ्याला तो कंस बरोबर वाचता येई. टंकताना मात्र तोच कंस सुटला, की जमीन विकून मोकळा झालेला माणूस पुन्हा मालक म्हणून उभा. अशा चुकीने कुणाचं कर्ज अडतं, तर कुणाचा दावा कोर्टात जातो.

पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या संगणकावर नोंदी भरल्या गेल्या, पण गावात लेखणी चालूच राहिली. एका जमिनीचे दोन सातबारे झाले, एक छापील आणि एक हाताचा, आणि दोघांचा मेळ दरवर्षी थोडा थोडा सुटत गेला. ई-फेरफार प्रणाली आली तेव्हा हे उघड्यावर पडलं. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळेना. एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करताना कुठे आकडा घसरलेला, कुठे पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, दोनदा धरलेला, तर कुठे एकाच माणसाची नावाच्या वेगवेगळ्या लिखाणामुळे तीन खाती. यातले कितीतरी घोळ हस्तलिखितातच होते. कागदावर बेरीज कुणी मारत नव्हतं, संगणकाने ती मारली, इतकंच.

मग एडिट आणि री-एडिट असे तपासणीचे टप्पे आले. मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून प्रत्येक सातबारा ताडायचा, दुरुस्तीला जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश घ्यायचा, आणि शेवटी गाव पूर्ण झाल्याचं घोषणापत्र सही करून द्यायचं. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या घरात. दिवसा सर्व्हरवर सगळ्या तालुक्यांची गर्दी, म्हणून अनेक तलाठ्यांनी हे काम रात्री जागून केलं. रेंज मिळेल तिथे लॅपटॉप उघडून बसायचे आणि एकेक गट संपवायचे.

2017 च्या उन्हाळ्यातलं चावडी वाचन मला या सगळ्या वाटचालीतलं सर्वांत मोलाचं पाऊल वाटतं. गावोगाव लोकांना बोलावून संगणकावरचे सातबारे मोठ्याने वाचून दाखवले गेले. गट नंबर, नाव, क्षेत्र, बोजा. ‘हे नाव आमच्या आज्याचं, बहिणींची नावं कुठं गेली?’ असं विचारायचा हक्क गावाला तिथे मिळाला. खातेदाराने स्वतः ऐकून मान्य केलेल्या नोंदीला जी किंमत आहे, ती कुठल्याही सॉफ्टवेअरच्या तपासणीला नाही.

आज पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरी निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो. महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसणारा फक्त माहितीपुरता असतो. खरेदीखत नोंदलं की दुय्यम निबंधक कार्यालयातून माहिती थेट फेरफारासाठी येते, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. वारस नोंद किंवा बोजा कमी करणं यांसाठी ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. पीक पाहणीसुद्धा 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकरी आपल्या मोबाइलवरून बांधावर उभा राहून नोंदवू लागला.

तरीही सातबारा कोरा-करकरीत दिसला म्हणून तो ताजा असतोच असं नाही. गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात, आणि वारसांना ना पीककर्ज मिळत ना अनुदान. बुलढाणा जिल्ह्याने यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली आणि 1 एप्रिल 2025 पासून ती राज्यभर लागू झाली. तिचं पहिलं कामही चावडी वाचनाचंच होतं: मयत खातेदारांची यादी गावात बसून करायची. अशा वेळी विधवेचं आणि लेकींचं नाव न चुकता लागतंय ना, हे गावाने डोळ्यांत तेल घालून पाहावं.

आता राहिले नकाशे. सातबाऱ्यावर भावाभावांचे हिस्से पडतात, पण मोजणी होऊन नकाशावर पोटहिस्सा उमटलेला नसतो, म्हणून बांधाचं भांडण कागद पक्का असूनही मिटत नाही. वाटप करताना सातबाऱ्याबरोबर मोजणीचा अर्जही त्याच दिवशी टाका. तहसील आणि भूमी अभिलेख या दोन कार्यालयांच्या नोंदी एकमेकांशी जुळवून घेण्याचं काम खात्यानेही तितक्याच नेटाने हाती घ्यायला हवं.