यानाची खिडकी

अंतराळयानाला खिडकी हवी की नको, यावर एकेकाळी खरोखरीचा वाद झाला होता. अमेरिकेच्या मर्क्युरी यानाचा आराखडा करणाऱ्यांच्या हिशेबी आत बसणारा माणूस म्हणजे जवळजवळ उतारूच. यान आपोआप जाणार, आपोआप परत येणार, मग बघायचंय काय? ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड 'फ्रीडम ७' मधून वर गेला तेव्हा त्याच्या वाट्याला दोन लहानसे झरोके आणि एक पेरिस्कोप एवढंच आलं. त्यातही पेरिस्कोपवरचा करडा फिल्टर काढायचा राहिला, त्यामुळे पहिल्या अमेरिकन अंतराळवीराला पृथ्वी करड्या रंगातच दिसली! पण हे सगळे लढाऊ विमानं चालवलेले लोक. त्यांनी खिडकीसाठी हट्ट धरला. जुलै १९६१ मध्ये गस ग्रिसम गेला तेव्हा त्याच्या यानाला डोळ्यांसमोर चांगली मोठी खिडकी होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझ्या नातवाचं टेबल. तो संगणकावर यान चालवण्याचा खेळ खेळतो आणि त्यासाठी त्याने तीन मॉनिटर मांडले आहेत. 'एका खेळाला तीन पडदे कशाला?' असं घरात सगळ्यांचं विचारून झालं. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे मला दुसरा प्रश्न पडला: हे सुरू कुठून झालं? शोधत गेले आणि थेट १९६१ मध्ये पोचले.

रशियन लोकांनी त्याच सुमारास वेगळी युक्ती केली होती. गागारिनच्या व्होस्तोक यानात 'व्झोर' नावाचं एक दर्शक होतं. मध्ये पृथ्वीचा तुकडा दिसायचा आणि कडेने आठ छोट्या खिडक्या. आठही खिडक्यांत क्षितिज सारखं दिसलं की समजायचं, यान सरळ आहे. म्हणजे समोर बघता बघता कडेचंही दिसावं, ही सोय एका उपकरणात बसवलेली. मार्च १९६५ मध्ये 'वोस्खोद २' परत येताना स्वयंचलित यंत्रणा बिघडली आणि बेल्यायेव व लिओनोव यांना या व्झोरवरच भिस्त ठेवावी लागली. पण त्या यानात तो खुर्च्यांच्या समोर नव्हता, बाजूला होता. बघण्यासाठी जागा सोडून आडवं व्हायचं, मग पुन्हा जागेवर यायचं. यात वेळ गेला आणि यान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, बर्फाळ जंगलात उतरलं. खिडकी नुसती असून भागत नाही. ती डोळ्यांसमोर असावी लागते.

चांद्रयानाची गोष्ट तर मी वर्गात नक्की सांगितली असती. सुरुवातीच्या आराखड्यात मोठ्या काचा होत्या आणि बसायला खुर्च्या. वजन फार होऊ लागलं. मग कोणीतरी विचार केला की खुर्च्याच काढून टाकाव्यात. माणूस उभा राहिला की तो काचेच्या जवळ जातो आणि मग लहान खिडकीही पुरते. घरच्या घरी करून बघा. खिडकीपासून दहा पावलं मागे उभे राहा, समोरचं एकच झाड दिसेल. गजांना नाक लावा, अख्खी गल्ली दिसेल. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले ते उभ्याने, दोन छोट्या तिकोनी काचांपाशी.

त्यातही २० जुलै १९६९ च्या त्या शेवटच्या मिनिटांकडे नीट बघा. संगणक यानाला मोठमोठ्या दगडांनी भरलेल्या जागेकडे नेत होता. आर्मस्ट्राँगने ते खिडकीतून पाहिलं आणि यान हाताने पुढे नेलं. त्या वेळात ऑल्ड्रिन काय करत होता? आकडे वाचून दाखवत होता. उंची किती, वेग किती. एकाचे डोळे बाहेर, दुसऱ्याचे आत. दोन्ही कामं एका माणसाच्या डोळ्यांवर टाकली असती तर कठीण होतं.

आता खेळांकडे येते. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. पीडीपी-१ या संगणकाचा पडदा गोल होता, आणि त्यावर दोन यानं वरून बघितल्यासारखी दिसत. पाठीमागचे तारेसुद्धा खऱ्या आकाशातले! पण खेळणारा यानाच्या बाहेर होता. त्याला आत बसवलं ते 'एलिट' सारख्या खेळांनी. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांचा 'एलिट' आला १९८४ साली, म्हणजे आपले राकेश शर्मा अंतराळात गेले त्याच वर्षी. एकुलत्या एका पडद्याचे त्यांनी दोन भाग केले: वर खिडकी, खाली उपकरणांची पट्टी. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे बघायला चार निराळी बटणं. डावीकडे बघितलं की समोरचं दिसायचं बंद!

पुढे पडदेच वाढले. विंडोज ९८ ने एका संगणकाला अनेक मॉनिटर जोडायची सोय दिली, २००२ मध्ये मेट्रॉक्स कंपनीचं एक कार्ड तीन मॉनिटरवर सलग खेळ दाखवू लागलं, आणि २००९ पासून एएमडीच्या कार्डांनी ती गोष्ट बरीच सोपी केली. हिशेब साधा आहे. चोवीस इंची मॉनिटर दोन फुटांवरून सुमारे ४५ अंश व्यापतो. माणसाची नजर डावीकडून उजवीकडे १८० अंशांच्या आसपास पोचते. मॉनिटरला नाक लावून बसता येत नाही, म्हणून शेजारी आणखी दोन ठेवायचे. मधल्या काळ्या चौकटी खटकतील असं मला वाटलं होतं, पण यानाला खिडक्यांच्या चौकटी असतातच!

नातू खेळतो तो 'ऑर्बिटर'. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वाइगर यांनी २००० साली तो लोकांना फुकट दिला, आणि २०२१ मध्ये त्याची संहिताही खुली केली. यात शत्रू नाहीत, गुण नाहीत. गुरुत्वाकर्षणाचे खरे नियम आणि तुम्ही. अंतराळ स्थानकाला यान जोडायचं तर कक्षेचे आकडे एका चौकटीत, जोडणीचे दुसऱ्या चौकटीत. एकाच पडद्यावर सगळं उघडलं की खिडकीच झाकते. म्हणून तो त्या चौकट्या उचलून बाजूच्या मॉनिटरवर नेतो. मधला पडदा आर्मस्ट्राँगचा, बाजूचा ऑल्ड्रिनचा.

मला हे इतकं जवळचं वाटायला कारण आहे. मला काचबिंदू आहे. हा आजार बहुधा कडेची नजर आधी नेतो, तीही गुपचूप. समोरचं अक्षर स्वच्छ वाचता येतं, पण बाजूने येणारी रिक्षा अंगावर आल्यावरच दिसते. डॉक्टर दर काही महिन्यांनी एका पांढऱ्या घुमटात डोकं ठेवायला लावतात. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. न दिसलेल्या दिव्यांचा काळा नकाशा हातात येतो. थेंब नेमाने घालते, आहे ते टिकवायचं एवढंच. नातवाच्या खुर्चीत बसल्यावर कडेचे तारे दिसायला मला मान वळवावी लागते. वळवते. दिसतात.

म्हणून मुलांच्या टेबलावरचे जास्तीचे पडदे बघून लगेच चैन म्हणू नये, असं माझं मत झालं आहे. (चैनही असते काही ठिकाणी, नाही कशाला म्हणू!) विचारायचं एवढंच: या पडद्याने डोळ्यांचं काम हलकं केलं की वाढवलं? माणसाला समोर बघताना कडेचंही भान लागतं, आणि आकडे वाचताना बाहेर बघणारं कोणीतरी लागतं. मर्क्युरीच्या अंतराळवीरांनी भांडून मिळवलं ते हेच.

आणि हो, चाळिशी उलटलेल्यांनी डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्या. कडेचं दिसेनासं झालेलं आपलं आपल्याला कळत नाही.