‘भार होण्याची शक्यता’ : एका सरकारी संशयाची कुळकथा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, की पुण्या-नाशिकच्या घरांतून आईबाबांच्या ग्रीन कार्डाचा विषय निघतो. त्यासाठी लागणाऱ्या कागदांच्या चळतीत आय-८६४ नावाचा एक फॉर्म असतो. तो आईबाबा भरत नाहीत, मुलगा भरतो. पगार आणि टॅक्स रिटर्न जोडून तो लिहून देतो, की यांचं उत्पन्न मी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही, आणि यांनी उत्पन्न पाहून दिली जाणारी सरकारी मदत घेतली तर ती रक्कम सरकारने माझ्याकडून वसूल करावी. हा करार कोर्टात चालतो. आईबाबा नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षं, मुलाची त्यातून सहसा सुटका नसते. उभा जन्म नोकरी करून, कर्ज फेडून, कुणापुढे हात न पसरता जगलेल्या माणसांना सत्तरीत ‘आम्ही कुणावर भार होणार नाही’ याचा पुरावा द्यावा लागतो.

नव्याने आलेल्या माणसाला सरकारी मदत मिळावी की नाही, हा वाद अमेरिकेत दर निवडणुकीला नव्याने पेटतो. पण या फॉर्ममागचा संशय अमेरिका नावाचा देश जन्मण्याच्याही शंभरेक वर्षं आधीचा आहे, आणि त्याचं मूळ गाव इंग्लंडात आहे.

१६०१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, इंग्लंडमध्ये एक मोठा कायदा झाला. चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या प्रत्येक गावाने, म्हणजे पॅरिशने, आपल्या म्हाताऱ्या, अपंग, अनाथ माणसांना पोसायचं. त्यासाठी जमीन आणि घरं असणाऱ्यांकडून पट्टी गोळा करायची, आणि तिचा हिशेब ओव्हरसियर नावाच्या गावच्याच माणसांनी ठेवायचा. गरिबाला पोसणं हे समाजाचं कर्तव्य आहे असं कायद्याने इतक्या स्वच्छपणे सांगितलं, याचं मोल मला आजही वाटतं. पण पट्टी गावाची, म्हणून गरीबही गावचाच हवा, असा हिशेब लगेच सुरू झाला. शेजारच्या गावचा मजूर आपल्याकडे राहायला आला, उद्या आजारी पडला, तर पैसे आपल्या खिशातून जाणार.

त्यातून १६६२ चा सेटलमेंट कायदा आला. वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात कुणी परका येऊन राहिला, तर चाळीस दिवसांच्या आत ओव्हरसियरने तक्रार करायची आणि दोन न्यायाधीशांच्या सहीने त्याला मूळ गावी परत पाठवायचं. दहा पौंड भाडं मजुराच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणजे कायद्याच्या जाळ्यात सगळे मजूर आपसूक सापडत. त्या माणसाने काही मागितलेलं असण्याची गरज नव्हती. तो धडधाकट असो, हाताला काम असो. पुढे कधीतरी तो पॅरिशवर भार होण्याची शक्यता आहे, एवढं म्हणणं पुरे होतं. या शक्यतेवरच पुढची साडेतीनशे वर्षं उभी राहिली आहेत.

हा कायदा कुणावर चालला ते पाहिलं की त्याचा स्वभाव कळतो. लग्नाशिवाय झालेलं मूल ज्या गावात जन्मेल त्या गावचं धरलं जाई, आणि त्याला पोसण्याची जबाबदारी त्या गावावर पडे. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला वेशीबाहेर नेऊन सोडण्याची घाई ओव्हरसियरला असे. पुढच्या गावचा ओव्हरसियरही तीच घाई करी. १६९७ मध्ये कायद्यात दोन भर पडल्या. मजूर दुसरीकडे कामाला जाताना मूळ गावाकडून दाखला नेऊ शकत होता, की हा आमचा आहे, गरजू झाला तर आम्ही परत घेऊ. दुसऱ्याच्या हमीवर माणसाला आत घेण्याची ही पद्धत, म्हणजे आय-८६४ चा पणजोबा. आणि दुसरी भर अशी, की मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, लाल किंवा निळ्या कापडाचं मोठं ‘पी’ अक्षर आणि त्याच्या जोडीला पॅरिशच्या नावाचं आद्याक्षर शिवून हिंडायचं. गावाच्या पट्टीतून भाकरी मिळे, पण ती खाणारा कोण हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे अशी व्यवस्था होती.

ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात या कायद्यावर कडक टीका केली, कारण मजुराला काम असेल तिथे जाताच येत नव्हतं. १७९५ मध्ये पार्लमेंटने चूक सुधारली : माणसाने खरोखर मदत मागितल्याशिवाय त्याला हाकलायचं नाही. पण काही अपवाद ठेवले, त्यांतला एक अविवाहित गरोदर बाईचा. ती मदत मागो न मागो, भारच धरली गेली.

तोवर ही रीत समुद्र ओलांडून गेली होती. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीतली गावं नवख्यांना रीतसर नोटीस देत, की गाव सोडा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जहाजाच्या कप्तानांकडून आजारी आणि पंगू उतारूंबद्दल हमी घेण्याचा कायदा झाला. मग १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं आणि आयर्लंडची उपाशी माणसं बोस्टन-न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर उतरू लागली, तेव्हा जुन्या कायद्याला धार आली. मॅसॅच्युसेट्सने आयरिश गरिबांना गरीबखान्यांतून आणि दवाखान्यांतून उचलून परत जहाजावर चढवलं. १८५५ साली मेरी विल्यम्स नावाच्या आयरिश बाईला तिच्या तान्ह्या मुलीसकट बोस्टनहून लिव्हरपूलला धाडलं. मुलगी अमेरिकेत जन्मलेली होती. या प्रकरणावर तेव्हाच्या वर्तमानपत्रांतही गदारोळ झाला. आजही अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या आईबापांना परत पाठवण्याची बातमी वाचते तेव्हा मला ही बाई आठवते.

परदेशी उतारूंवर राज्यांनी कर लावणं घटनेत बसत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १८७६ मध्ये बजावलं. मग बोस्टन-न्यूयॉर्कवाल्यांनी केंद्राकडे धाव घेतली, आणि १८८२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने देशभरासाठी कायदा केला. माणशी पन्नास सेंट कर, आणि गुन्हेगार, वेडे यांच्याबरोबरच जो स्वतःची काळजी घेऊ न शकल्याने ‘पब्लिक चार्ज’, म्हणजे सरकारवर भार, होईल त्याला उतरू द्यायचं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा झाला होता. हे दोन कायदे सख्खे भाऊ आहेत. १८९१ मध्ये शब्द आणखी सैल केले : पब्लिक चार्ज होण्याची ‘शक्यता’ असलेला. इंग्लंडने १७९५ मध्ये मागे सोडलेली शक्यता अमेरिकेने शंभर वर्षांनी पुन्हा कायद्यात बसवली.

न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर, जिथे उतारूंची तपासणी होई, या शक्यतेची तीन आद्याक्षरं झाली, एल.पी.सी., म्हणजे ‘लाइकली टु बिकम अ पब्लिक चार्ज’. ती ज्याच्या नावापुढे पडत तो परत. तिथला कमिशनर विल्यम विल्यम्स याने १९०९ मध्ये ठरवलं, की बहुतेकांकडे निदान पंचवीस डॉलर असले पाहिजेत. असा आकडा काँग्रेसने कधीच घातला नव्हता.

पश्चिम किनाऱ्यावर एंजल बेटावर हिंदुस्थानी उतरत होते, बहुतेक पंजाबी. शेतकी शिकायला गेलेले आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या वर्षांत ओरेगनच्या मजुरांत वावरत होते, पुढे या मजुरांच्याच संघटनेतून गदर ही ब्रिटिशविरोधी चळवळ उभी राहिली. या हिंदुस्थानी माणसांना अडवायला तेव्हा वंशाचा कायदा नव्हता. म्हणून अधिकाऱ्यांनी असा युक्तिवाद केला, की कॅलिफोर्नियात यांच्याविरुद्ध इतका राग आहे की यांना कुणी काम देणार नाही, सबब हे भार होतील. माणूस हट्टाकट्टा आहे, कष्टाळू आहे, हे मान्य. लोक त्याचा द्वेष करतात, म्हणून तो नालायक. या सगळ्या इतिहासात मला सर्वात जास्त संताप याच युक्तिवादाचा येतो. १९१५ मध्ये पोर्टलंडला निघालेल्या काही रशियन मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला, की तिथल्या बाजारात काम कमी आहे म्हणून माणसाला अडवता येणार नाही, दोष त्याच्या स्वतःत असला पाहिजे. दोन वर्षांत काँग्रेसने कायद्यातल्या कलमाची जागा हलवून या निकालाची धार बोथट केली, आणि हिंदुस्थानासाठी तर दारच लावून घेतलं.

मंदीच्या काळात या कलमाने जे केलं, त्याची किंमत माणसांनी आपल्या जिवाने मोजली. १९३० च्या सप्टेंबरमध्ये हूव्हर सरकारने वकिलातींना कळवलं, की ‘शक्यता’ कडक वाचा. १९३० साली २,४१,७०० माणसं आली होती, १९३२ साली ३५,५७६. देशादेशांना ठरवून दिलेला कोटा बदलला नव्हता, काँग्रेसने मत दिलं नव्हतं; वकिलातीतल्या कारकुनाने व्हिसाच्या खिडकीत मान हलवली होती, एवढंच. १९३३ नंतर जर्मनीतले ज्यू याच खिडकीपुढे उभे राहिले. हिटलरने त्यांची मालमत्ता काढून घेतली होती, आणि खिडकी विचारत होती, तुमच्याकडे पैसे किती आहेत? १९३९ पर्यंत जर्मनीचा कोटा एकदाही पुरता भरला नाही. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स हमी घेऊन माणसांना आत येऊ द्यावं म्हणून झगडत होत्या. परराष्ट्र खातं त्यांना जुमानत नव्हतं.

याच सुमारास देशाच्या आत मात्र कोर्टांत उलट घडू लागलं. टेक्ससमधल्या आपल्या बेकार मेव्हण्याला गाडीत घालून आणलं म्हणून फ्रेड एडवर्ड्स नावाच्या माणसाला कॅलिफोर्नियाने शिक्षा केली. १९४१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा मोडीत काढला. १९६९ मध्ये कोर्टाने सांगितलं, की दुसऱ्या राज्यातून आलेल्याला मदतीसाठी वर्षभर थांबवता येणार नाही. १९७१ मध्ये ॲरिझोनातल्या कार्मेन रिचर्डसन या मेक्सिकोत जन्मलेल्या बाईंना न्याय मिळाला. राज्य त्यांच्याकडून पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट मागत होतं. पॅरिशचा कायदा राज्याराज्यांच्या वेशींवर असा संपला. देशाच्या वेशीवर तो राहिला, कारण १९७६ मध्ये मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, एका खटल्यात त्याच कोर्टाने केंद्राला मुभा दिली, की परदेशी माणसाला पाच वर्षं थांबवायचं तर थांबवा.

ती पाच वर्षं १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने सर्वत्र पसरली. २२ ऑगस्ट १९९६ नंतर आलेल्या बहुतेक ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, नाही, रोख मदत नाही. अन्नासाठीचे फूड स्टॅम्प आणि वृद्ध-अपंगांचा भत्ता तर आधीपासून राहणाऱ्यांचाही तोडला. कायद्यातून होणार म्हणून मांडलेल्या बचतीचा जवळपास निम्मा वाटा नवख्यांच्या ताटातून काढलेला होता, आणि ते लोकसंख्येत थोडे. सही करताना क्लिंटन स्वतःच म्हणाले, की हा भाग चुकीचा आहे. पुढच्या काही वर्षांत यातलं थोडं परत दिलं, मुलांचे फूड स्टॅम्प २००२ मध्ये. पाच वर्षांची अट राहिली. पाचच का, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडत नाही. कॅन्सर किंवा बाळंतपण पाच वर्षं थांबत नाही.

खर्चाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या २०१६ च्या मोठ्या अहवालानेच दाखवलं, की पहिली पिढी राज्यांना आणि गावांना महाग पडते, मुख्यतः मुलांच्या शाळेमुळे. त्याच अहवालात तीच मुलं मोठी झाल्यावर सर्वाधिक कर भरणाऱ्यांत दिसतात. म्हणजे गावाच्या पट्टीचा जुना प्रश्न अजून तोच आहे : खर्च आज गावाला, फायदा उद्या देशाला. याला उपाय हवा तर केंद्राने गावाचा भार उचलावा. बाईला वेशीबाहेर सोडणं हा उपाय १६६२ मध्येही नव्हता.

आणि नवखा पहिल्या पगारापासून देतच असतो. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के पहिल्या दिवसापासून कापले जातात. भारत-अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे दहा वर्षांच्या आत परतलेल्याला त्या पैशातून पेन्शन मिळत नाही. त्यांच्या आईबाबांना, जोडीदाराच्या किंवा स्वतःच्या कामाची नोंद नसेल तर, पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर पूर्ण हप्ता भरूनही विकत मिळत नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत बाबांचं छातीत दुखणं ‘इथे नको, पुण्याला गेल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकललं जातं.

या संशयाचं सर्वात मोठं काम कागदावर दिसत नाही. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने नियम आणला, की फूड स्टॅम्प, मेडिकेड, घरभाड्याची मदत छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त घेतली तर माणूस पब्लिक चार्ज. २०२० च्या फेब्रुवारीत तो लागू झाला, २०२१ च्या मार्चमध्ये गेला. जे स्थलांतरित ग्रीन कार्ड मागतात, त्यांना यातल्या बहुतेक मदती मुळात मिळतच नव्हत्या. तरी नियम येण्याच्या आधीच, २०१८ मध्ये, अर्बन इन्स्टिट्यूटच्या पाहणीत स्थलांतरित कुटुंबांतल्या साधारण सातातल्या एका प्रौढाने सांगितलं, की भीतीने आम्ही किंवा घरातल्या कुणीतरी मदत सोडली किंवा मागितलीच नाही. त्यांत नागरिक असलेल्या मुलांचं अन्न आणि औषधही होतं. इथे कुणाच्या बाहीवर अक्षर शिवावं लागलं नाही. आयांनी स्वतःहूनच फॉर्म परत घेतले.

२०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने या घराण्यात आजवर न मोडलेली एक रीत मोडली. निर्वासितांना पाच वर्षांची अट १९९६ च्या कायद्यानेही लावली नव्हती, कारण छळातून पळून आलेल्याकडे पैसे आणि हमीदार असणार नाहीत हे सगळ्यांनाच कळत होतं. आता ग्रीन कार्ड मिळेपर्यंत त्यांचेही फूड स्टॅम्प बंद झाले, आणि ऑक्टोबर २०२६ पासून त्यांच्यापैकी बहुतेकांचं केंद्राच्या पैशातलं मेडिकेड बंद होईल.