अंगण राखलेली इमारत

मागच्या वर्षी मुलीकडे व्हिएन्नाला महिनाभर राहण्याचा योग आला. ऑस्ट्रियाची ही राजधानी म्हटली की राजवाडे, ऑपेरा आणि मोझार्ट आठवतात. ते सगळं पाहिलंच. पण रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा डोळ्यांपुढे आली ती एक साधी कामगार वसाहत, कार्ल मार्क्स होफ. जर्मन भाषेत 'होफ' म्हणजे अंगण, चौक.

१९१८ साली पहिलं महायुद्ध संपलं आणि हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळलं. व्हिएन्नातल्या कामगारांचे तेव्हा घरावाचून फार हाल होते. एक खोली, एक स्वयंपाकघर. नळ आणि संडास बाहेर पॅसेजमध्ये, सगळ्यांना मिळून. त्या नळाला 'बासेना' म्हणत. काही जण तर नुसती खाट भाड्याने घेत, तीही काही तासांपुरती. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने उठायचं. माझं बालपण गिरणगावातल्या चाळीत गेलं, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही!

१९१९ मध्ये समाजवादी पक्षाने महापालिका जिंकली. १९२३ पासून त्यांनी घरबांधणीसाठी खास कर बसवला. लहान घराला नाममात्र, आलिशान घरांना भरपूर. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. बांधकामाचा खर्च करातून भागल्यामुळे भाडं फक्त देखभालीपुरतं. थोडक्यात, आपला मेंटेनन्स म्हणा ना! सुरुवातीची बहुतेक घरं ३८ चौरस मीटरची, म्हणजे साधारण ४१० चौरस फुटांची. पण नळ आणि संडास घरात. त्याच दशकात मुंबईत सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. तिथे १६० चौरस फुटांची खोली आणि संडास सामाईक.

कार्ल मार्क्स होफ १९२७ ते १९३० या काळात बांधलं गेलं. वास्तुविशारद कार्ल एन. लांबी एक किलोमीटरहून जास्त, घरं १,३८२, माणसं सुमारे पाच हजार. एवढं असूनही बांधकाम प्लॉटच्या एक पंचमांशाहून कमी जागेवर. बाकी बाग आणि अंगण. जिन्यांची दारं रस्त्याकडे नाहीत, अंगणाकडे आहेत. म्हणजे घरी जायचं तर अंगण ओलांडूनच. येता-जाता शेजारी दिसणार, मुलं खेळताना दिसणार. घरं लहान, म्हणून धुलाईघर, स्नानगृह, बालवाडी, वाचनालय, दवाखाना हे सगळं सर्वांसाठी एकत्र.

या भिंतींनी वाईट दिवसही पाहिले. फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकार आणि समाजवादी कामगार यांच्यात यादवी पेटली, तेव्हा लष्कराने या राहत्या इमारतीवर तोफा डागल्या. इमारतीचं उद्घाटन करणारे महापौर कार्ल झाइट्स यांना अटक झाली. १९३८ मध्ये नाझी आले आणि महापालिकेच्या घरांतून ज्यू भाडेकरूंना बाहेर काढलं. ज्या अंगणात सगळे एकमेकांना ओळखत, तिथल्याच काही घरांची दारं अशी बंद झाली. अंगण असलं की माणुसकी आपोआप टिकते असं नाही, ती रोज जपावी लागते, हे मला तिथे कळलं.

महायुद्धानंतर शहराने हे धोरण पुन्हा चालू केलं. आज व्हिएन्ना महापालिकेकडे सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत. कार्ल मार्क्स होफमध्ये अजून कुटुंबं राहतात. जुन्या धुलाईघराच्या जागेत एक छोटं संग्रहालय आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो, तेव्हा सगळ्या सोसायटीत मिळून चार गाड्या होत्या. आज मधल्या मोकळ्या जागेत पार्किंग करायचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येतोय. गाड्यांची अडचण खरी आहे, माझ्या मुलाचीही गाडी रस्त्यावरच असते. तरीही मी विरोधात मत देणार आहे. याच जागेत आपला गणपती बसतो, कोजागिरीचं दूध आटतं, आणि लॉकडाऊननंतर आपण पहिल्यांदा एकमेकांना भेटलो तेही इथेच.

मत प्रत्येकाचं. फक्त सभेच्या आधी एकदा संध्याकाळी सहा वाजता खाली येऊन पाच मिनिटं बाकावर बसा, एवढीच विनंती.