ऋषिपंचमी: बैलाच्या श्रमाचे न खाण्याचे व्रत

भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेशचतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी, ऋषिपंचमीचे व्रत येते. स्त्रिया आघाड्याच्या काड्यांनी दात घासून स्नान करतात. मग कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींसह अरुंधतीची पूजा होते.

व्रताचा सांगितला जाणारा हेतू रजस्वलेच्या विटाळातून घडलेल्या दोषाचे निवारण हा आहे. या कल्पनेचे मूळ पुष्कळ जुने. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला मारल्याचे पातक इंद्राने पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांत वाटून दिले, अशी कथा तैत्तिरीय संहितेत आहे. एका देवाच्या पापाचा वाटा विटाळाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीच्या देहावर लादला गेला, हा अन्यायच.

व्रताची कहाणी मात्र वेगळ्याच दु:खाची आहे. विटाळ न पाळल्याने एक ब्राह्मण बैल होतो आणि त्याची बायको कुत्री. दोघेही मुलाच्याच दारी राहतात. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी सापाने खिरीत गरळ टाकलेले पाहून कुत्री खिरीला तोंड लावते. श्राद्धाला आलेले ब्राह्मण वाचतात, पण सून तिला मारते. त्याच दिवशी बैल उपाशीपोटी राबलेला असतो. रात्री दोघांचे बोलणे मुलगा ऐकतो, ऋषींना उपाय विचारतो आणि हे व्रत करतो. म्हणजे कहाणीत व्रत करणारा पुरुष आहे. आज ते मुख्यत: बायका करतात.

त्या राबलेल्या बैलाशीच आहाराचा नियम जुळतो: नांगरटीचे काही खायचे नाही. गहू, ज्वारी, डाळी बाद. परसात हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढे चालते. जुन्या रीतीत पाणथळीत उगवणारा देवभात. अळू, लाल माठ, अंबाडी, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, भोपळा, मक्याची कणसे असे जे मिळेल ते एकत्र शिजवून ऋषीची भाजी होते. काही घरांत तेलही टाळतात, कारण तेलाचा घाणा बैलच ओढत असे.

नांगरापूर्वीच्या शेतीची ही आठवण असावी, असाही तर्क केला जातो. तो पटण्याजोगा असला तरी पुराव्याने पक्का करणे कठीण. ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातले धान्य चालावे का, हा प्रश्न आता नवा आहे. बहुतेक घरे मात्र जुनाच नियम पाळतात.

सात वर्षांनी व्रताचे उद्यापन करतात.