दुसऱ्या पंपाचे गणित

सुरतमधल्या पांडेसऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिला वाफेवर चालतात. बॉयलर पेटता असताना त्याला पाणी पुरवणारा फीड पंप थांबला, तर पाण्याची पातळी उतरते, नळ्या उघड्या पडतात आणि तापून मऊ होतात. कोळशाची आग बटण दाबून विझत नाही, म्हणून शेजारी दुसरा पंप तयार ठेवतात. त्याने धोका नेमका किती घटतो?

समजा, गरजेच्या वेळी एक पंप दगा देण्याची संभाव्यता ०.०१ आहे. दोन्ही एकदम बंद पडण्याची संभाव्यता म्हणजे ०.०१ × ०.०१, अर्थात दहा हजारांत एक. तिसरा पंप जोडला की दहा लाखांत एक. हा गुणाकार एकाच अटीवर खरा आहे: पहिला बंद पडल्याची बातमी कळली, तरी दुसऱ्याबद्दलचा आपला अंदाज तसूभरही बदलता कामा नये. ही अट न तपासता केलेल्या गुणाकारावर माझा विश्वास नाही.

दोन्ही पंपांची वीज एकाच पॅनलमधून येते, पाणी एकाच टाकीतून. एकाच फिटरने एकाच दिवशी दोन्हींची ग्लँड चुकीची भरलेली असू शकते. खाडीचे पाणी चढले, तर दोन्ही मोटारी एकाच फरशीवर भिजतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतचा मोठा भाग बुडाला. अशा दिवशी पंपांची संख्या मोजून काय साधणार?

अशी सामायिक कारणे हिशेबात आणायला बीटा गुणक वापरतात. बिघाडांपैकी १० टक्के सामायिक कारणाने होतात असे धरू. मग ०.००१ हा भाग दोघांचा एकत्र, उरलेला ०.००९ ज्याचा त्याचा. दोन्ही बंद पडण्याची संभाव्यता ०.००१ + ०.००९ × ०.००९, म्हणजे सुमारे ०.००१०८. आधीच्या उत्तराच्या जवळजवळ अकरा पट! तिसऱ्या पंपालाही तेच सामायिक कारण लागू असेल, तर तो बसवून हा आकडा जेमतेम ०.००१०० होतो. तेवढ्या पैशात वाफेवर चालणारा फीड पंप दुसरीकडे, उंच जोत्यावर बसवणे कितीतरी शहाणपणाचे; त्याला विजेची गरजच नसते.

संख्येपेक्षा वेगळेपण कामी येते, हे फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातही दिसले: ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीनंतर १३ आपत्कालीन डिझेल जनरेटरांपैकी एकच चालत राहिला. तो हवेने थंड होणारा होता.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा सुटते. राखीव पंप गपचूप बिघडतो. असा बिघाड सरासरी पाच वर्षांतून एकदा होत असेल आणि चाचणी वर्षातून एकदा, तर तो निकामी असण्याची सरासरी संभाव्यता (१/५ × १) ÷ २, म्हणजे सुमारे ०.१. दरमहा चालवून पाहिला, तर हीच संभाव्यता १/१२० वर येते. पंप तोच, खर्च फक्त दरमहा काही मिनिटे व्हॉल्व्ह उघडून पाणी चढते का ते पाहण्याचा.